रेषेच्या आत

खरवईच्या महिपतीआबांच्या पायात भातखाचरात चिखलणी करताना पत्रा घुसला आणि मांस सडू लागलं. जंतू एकाही अँटिबायोटिकला भीक घालेनात. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी लालीभोवती निळ्या पेनाने रेष ओढली. "लाली ह्याबाहेर गेली, तर पाय काढायचा."

सकाळी लाली रेषेच्या आतच होती. फक्त रेष घोट्यावरून मांडीवर आली होती.

"डॉक्टर, रेष सरकलीय," आबांची लेक किर्ती म्हणाली.

"ताई, पेनाची रेष चालते का कुठे? आत आहे ना? मग झालं."

दुपारी रेष छातीवर पोचली. किर्तीने ती अंगठ्याने दाबून धरली. ती अंगठ्याखालून मुंगीसारखी निघून गेली.

"पोरी, गुदगुल्या होतात गं," आबा म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर खूश. "बघा, रेषेबाहेर कुठेच लाली नाही."

रेष तेव्हा आबांच्या भुवया ओलांडत होती, आणि आबा डोळे वर करून तिच्याकडे बघत होते.