भव्याचा पहिला रविवार

बिस्किटं वाटून झाली आणि रक्षिताच्या हातात दोन पुडे उरले. एक प्रणीतचा. त्याच्या वडिलांना यशवंतपूर स्टेशनवरून आजीला आणायचं होतं, म्हणून दहा मिनिटांपूर्वी ते दारातूनच खूण करून त्याला घेऊन गेले होते. रक्षितानंच मान हलवून ‘न्या न्या’ म्हटलं होतं. मग दुसरा पुडा कुणाचा? तिनं हॉलमधल्या सतरंजीवरची डोकी मोजली, परत मोजली. भव्या कुठाय?

भव्या म्हणजे पाच वर्षांची, चारचौघांत तोंडातून अक्षर न काढणारी पोर. तिची आई पवित्रा चर्चच्या गायकवृंदात. ‘रडते हो, सवय नाही तिला’ असं म्हणत तिनं लेकीला कधी नजरेआड होऊ दिलं नव्हतं. तीन महिने दर रविवारी रक्षिता तिच्या मागे लागली होती, ‘एकदा संडे स्कूलला पाठवून तर बघा अक्का, मी आहे की!’ आज पवित्रानं पहिल्यांदा पाठवलं. आणि पहिल्याच दिवशी पोर हरवली. शाब्बास टीचरबाई!

आजचा धडा हरवलेल्या मेंढराचा. नुसतं सांगितलं तर पोरं भिंतीवरच्या पाली मोजत बसतात, म्हणून रक्षितानं त्याचा खेळ केला होता. प्रणीत मेंढपाळ, भव्या मेंढरू. तिनं लपायचं, त्यानं शोधायचं, बाकीच्यांनी कळपात बसून बें बें करायचं. पण मेंढपाळ गेला स्कूटरवर बसून, कळप तुटून पडला बिस्किटांवर, आणि मेंढराची आठवण कुणालाच राहिली नाही. रक्षितालाही नाही.

ती धावत सुटली. बाकांखाली पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, नाताळच्या सामानाचं कपाट दोनदा उघडलं. “भव्या! खेळ संपला गं बाळ! ये बाहेर, चॉकलेट देते!” हूं नाही की चूं नाही. ती फाटकाशी पळाली. बाहेर शिवाजीनगरचा रस्ता, एकामागून एक बस. वॉचमन नागराज अण्णा तिचा चेहरा बघूनच स्टुलावरून उठले.

“इथनं एकटं मूल कुणी गेलं नाही, अक्का. स्वल्प थांबा, मी मागं बघतो.”

ते थेट जमिनीतल्या पाण्याच्या टाकीकडे गेले. झाकणाला कुलूप होतं. तरी रक्षितानं ते ओढून पाहिलं.

तेवढ्यात शेजारी चर्चमध्ये शेवटचं गीत सुरू झालं. चार कडवी, मग आशीर्वाद, आणि मग पवित्रा सरळ इकडेच येणार.

“टीचर,” ओठांवरचा बिस्किटाचा चुरा पुसत एस्तेर नावाची मुलगी म्हणाली, “ती तुमचं ऐकायचीच नाही. मेंढरू फक्त आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतं, दुसऱ्या कुणीही बोलावलं तर हलायचं नाही. तुम्हीच सांगितलं की!”

सांगितलं होतं खरं. चांगलं तीनदा सगळ्यांकडून म्हणून घेतलं होतं. रक्षितानं कपाळावर हात मारला, हजेरीच्या वहीतून प्रणीतच्या वडिलांचा नंबर काढला आणि फोन लावला. नुसतीच रिंग. परत लावला, परत तेच. तिकडे तिसरं कडवं सुरू झालं. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

“अरविंददादा, गाडी बाजूला घ्या आणि प्रणीतला फोन द्या. का ते मग सांगते. आधी द्या हो!”

स्पीकर लावून, फोन समोर धरून ती हॉलभर फिरू लागली. हॉर्नच्या गोंगाटातून प्रणीतचा आवाज घुमला, “भव्याऽऽ! मी मेंढपाळ बोलतोय! ये गं बाहेर, पप्पा ओरडायलेत!”

नाताळच्या कपाटाचं दार करकरलं. देवदूतांच्या झग्यांमागून आधी एक पाय आला, मग घामानं चिंब झालेलं डोकं.

रक्षितानं झडप घालून तिला उचललं आणि छातीशी धरलं. जीव भांड्यात पडला. हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. “अगं माझे बाई, घसा फोडून ओरडत होते मी! चॉकलेट देते म्हटलं. ऐकू नाही आलं तुला?”

“आलं,” भव्या म्हणाली. सकाळपासूनचा तिचा हा पहिला शब्द. “पण लांडगापण चॉकलेट देतो म्हणतो.”

पवित्रा दारात येऊन उभी राहिली. टीचरचे डोळे लाल, लेकीच्या केसांत कोळ्याची जाळी, सगळी पोरं चिडीचूप. तिचा चेहरा उतरला.

“रडली ना? मला वाटलंच होतं. राहू दे रक्षिता, पुढच्या रविवारपासून माझ्याजवळच बसेल ती.”

“ती नाही अक्का, मी रडले. चूक माझी आहे. सगळं सांगते, काही लपवत नाही. पण आधी एक घोट पाणी पिऊ द्या.”

पवित्रानं हात पुढे केले. भव्या रक्षिताच्या कडेवरून घसरून खाली उतरली, पण आईकडे गेली नाही. सतरंजीच्या मधोमध, सगळ्या पोरांसमोर जाऊन उभी राहिली.

“पुढच्या रविवारी मेंढपाळ मी,” ती मोठ्यांदा म्हणाली. “मी मधेच सोडून जाणार नाही.”