न थांबलेली बस

सुट्टी काढून ती दोघं नवरा-बायको गावोगाव हिंडत होती. जमेल तेवढं पायी, दमलं की मिळेल ती बस. फाट्यावर एक बाई झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती.

"बसचा काही नेम नाही, हीच तर खरी मजा," नवरा म्हणाला. बायकोला हसू आलं.

तेवढ्यात बस आली. सगळ्यांनी हात केले, पण गच्च भरलेली ती बस धुरळा उडवत निघून गेली.

"चला, करा पायपीट!" नवऱ्याने सॅक उचलली.

बायकोने त्या बाईला विचारलं, "तुम्हाला कुठं जायचंय?"

"दवाखान्यात. कालपण अशीच गेली."

बायकोने घाईघाईने मोबाइल काढला. रेंज नव्हती.

लेकीच्या तापलेल्या कपाळावरून हात फिरवत ती बाई म्हणाली, "काल ही बोलत होती हो."