मोकळी भिंत

मॉन्स्टेराच्या वेलाने भिंत सोडायला साफ नकार दिला. आजोबांनी खोडाखालून हात घातला, हलकेच ओढून पाहिलं, मग जरा जोर लावला. पण त्याची ती तपकिरी मुळं भिंतीत अशी रुतून बसली होती, की घर जणू त्याच्याच नावावर आहे.

"सुरी आणू का?" वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दारातून विचारलं. त्या शाळेत शिकवायच्या, आणि सकाळपासून आजोबांच्या कुंड्या एकेक करून आपल्या घरी नेत होत्या.

"नको. जखम होईल. सोडेल हळूहळू."

अँथुरियम गेलं होतं, अलोकेशिया गेला होता, फिलोडेंड्रॉनचा वेल काठीसकट गेला होता. फरशीवर कुंड्यांच्या गोल खुणा तेवढ्या उरल्या होत्या. डिफेनबाकिया मात्र बाईंच्या वाट्याला आलाच नाही. तो आजोबांनी मागेच, नातीला त्रास झाला त्याच दिवशी उपटून फेकला होता.

मागच्या खेपेला त्यांची चिमुरडी नात आली, तेव्हा डिफेनबाकियाची छोटी कुंडी त्यांनीच तिचा हात पोचेल अशी ठेवली होती. "हे तुझं झाड," म्हणाले होते. पानं पुसायला ओलं फडकंही दिलं होतं. पोरीने पुसता पुसता पानाचा मुका घेतला आणि मुका घेता घेता कचकन चावा घेतला. ओठ सुजले, जीभ सुजली, रडायलासुद्धा आवाज फुटेना. डॉक्टरांनी औषध दिलं, दुसऱ्या दिवशी तिची बडबड पुन्हा सुरू झाली. पण सुनेने तिला उचलून नेलं ते नेलंच. ही झाडं आहेत तोवर पोरगी या घरात पाऊल टाकणार नाही, असं तिने सांगून टाकलं. तिचं काही चुकलं नव्हतं. आजोबांना तेच जास्त लागलं होतं.

"अहो, पण चावली ती एका झाडाला," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"सगळी अळूच्या भाऊबंदांतलीच. कुणाचाही रस तोंडात गेला तरी आगच होणार."

"बरं, मग पाणी? रोज घालू ना?"

"रोज मुळीच नाही. मातीत बोट खुपसून बघायचं. ओली लागली की हात आवरायचा." आजोबा मुळाखाली नख सरकवत म्हणाले, "लाडानेच मरतात ही."

बाईंना हसू येत होतं, पण आजोबांचा चेहरा पाहून त्यांनी ते दाबलं.

अखेर मॉन्स्टेरा सुटला, तो रंगाचे पापुद्रे घेऊनच. दोघांनी मिळून तो जिन्याने वर नेला. मोठी पानं कठड्याला घासत होती. वर गेल्यावर बाईंनी बसायचा फार आग्रह केला, पण आजोबांना घाई होती. मुलगा यायचा होता. झाडं काढतोय असं कळवल्यावर "येतो" म्हणाला होता.

त्यांनी फरशी साबणाने पुसली. गुडघ्यांवर बसून पलंगाखाली, कपाटाखाली हात फिरवला. पानाचा एखादा तुकडा राहिला आणि पोरीने तोंडात घातला तर? मग खिडकीपाशी तिची छोटी खुर्ची मांडली. खोली बोडकी दिसत होती. आजोबांना भडभडून आलं, पण नात येण्याच्या दिवशी रडायचं कशाला, म्हणून त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

बेल वाजली. दारात मुलगा एकटाच होता. आजोबांनी त्याच्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं.

"ती खाली आहे का?"

"नाही बाबा. तिची आई म्हणाली, आधी घर बघून या."

त्याने घर बघितलं. गॅलरी बघितली, न्हाणीघर बघितलं, वाकून पलंगाखालीही बघितलं. आजोबा मागून फिरत होते. खिडकीशेजारच्या भिंतीपाशी मुलगा थांबला. त्याने अंगठा दाबला, तशी पांढरी भुकटी खाली पडली.

"ओल आहे इथे."

"झाडामागे होती, दिसलीच नाही रे. सुकेल आता."

"बुरशी धरलीय, बाबा. तिला लगेच खोकला होतो." मुलगा भिंतीकडे बघूनच बोलत होता. "भिंत खरवडून नीट रंग लावून घ्या. मग बघू."

"मग आणशील ना?"

"बघू म्हटलं ना."

आजोबांनी मान हलवली. मुलगा दारापर्यंत पोचला, तेव्हा त्यांनी त्याला हाक मारली.

"तिला कुठला रंग आवडतो रे?"