पस्तीस महिने जुळलेलं पितळ

“पस्तीस महिने, बाई! पस्तीस महिन्यांत एका किलोचा फरक काढून दाखवा, कारखाना तुमच्या नावावर करतो!”

थोरल्या भावाने वजनाची वही टेबलावर आपटली. चहाचे कप नाचले. आज सकाळपासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. पितळेच्या कड्या-बिजागऱ्या ओतणाऱ्या त्याच्या छोट्या कारखान्याला नव्या भट्टीसाठी कर्ज मिळायचं होतं. बँकेने फक्त तीन वर्षांचे हिशेब नव्याने तपासून मागितले होते.

समोर बसलेली बाई हिशेबनीस होती. केस पिकलेले, पायात जाड तळाचे बूट. ती फक्त ओतकामाच्या कारखान्यांचे हिशेब बघायची आणि फी दुप्पट घ्यायची. थोरल्याला ती नकोच होती. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि तो कापडाचं दुकान विकून कारखान्यात येऊन बसला. येताना दुकानाचा हिशेबनीसही घेऊन आला. हे कामही त्यालाच द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण बायको ऐकेना. “अहो, दात दुखला तर चष्मेवाल्याकडे जाता का? एकदा बोलावून तर बघा.”

म्हणून बोलावलं होतं.

“आधीच्या हिशेबनिसांनी काय शिकवलं तुम्हाला?” बाईने विचारलं.

“सोपं आहे. जेवढं आलं तेवढं भरलं पाहिजे. ठाण कितीही फाडा, मीटर तेवढेच राहतात. महिनाअखेरीला मी स्वतः तराजूपाशी उभा असतो. तयार माल, कापलेले तुकडे, शिल्लक पितळ, सगळं तोलून घेतो. पहिल्याच महिन्यात पंधरा किलो कमी भरलं. चारही कामगारांना ओळीत उभं केलं. म्हटलं, पुन्हा कमी भरलं तर चौघेही घरी! झालं. पुढच्या महिन्यापासून पितळ जागच्या जागी. धाक लागतो, बाई, धाक!”

दारात धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत काळे. पंधराव्या वर्षापासून तो वडिलांच्या हाताखाली भट्टीवर होता.

“हा आमचा धाकटा,” थोरला म्हणाला. “भट्टी सांभाळतो, पण पैसा सांभाळता येत नाही. दहा तारखेला खिसा रिकामा. बायकोच्या बांगड्यासुद्धा मोडून खाल्ल्या. कुठे उधळतो विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी. बँकेपुढे असा भागीदार कसा न्यायचा? आज भागीदारीतून त्याचं नाव काढतोय. कागद तयार आहे. ये रे, सही कर.”

“भावोजी, आता तरी तोंड उघडा,” चहा घेऊन आलेली थोरल्याची बायको कळवळून म्हणाली.

“काय बोलू, वहिनी? भट्टीत पितळेची मूस तापलीय. सही घ्यायची असेल तर लवकर घ्या, नाहीतर माल बिघडेल.”

त्याने पेन उचललं.

“थांबा,” बाई उठली. वही तिने उघडलीही नव्हती. “सही नंतर. आधी मला भट्टी दाखवा.”

सगळे मागे शेडमध्ये गेले. भट्टी घोंघावत होती. मुशीवर हिरवट ज्वाळा नाचत होती. बाईने वर पाहिलं, एक खोकं ओढलं आणि वयाचा विचार न करता त्यावर चढली. छपराच्या पत्र्यावरून तिने आतून बोट फिरवलं. खाली उतरली तेव्हा बोट पांढरंशुभ्र झालं होतं.

“हे काय आहे?”

“चुना असेल,” थोरला म्हणाला.

“चुना नाही. हे तुमचं पितळ आहे.”

चारही कामगार हातातलं काम टाकून जवळ आले. बाईचे डोळे चमकत होते. ती भरभर बोलू लागली.

“पितळेत जस्त असतं. मूस तापली की त्यातलं थोडं पांढरा धूर होऊन उडतं. ते कुणाला अडवता येत नाही. तुमच्यासारख्या भट्टीत शंभर किलोमागे तीन किलो तरी जातंच. महिन्याला किती वितळवता?”

“पाचशे.”

“मग किती गेलं?”

थोरल्याने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एकदम ओरडला, “पंधरा! अगं, पंधरा! म्हणजे पहिल्या महिन्यात कुणी चोरलंच नव्हतं! माझ्या कारखान्यात चोर नव्हताच!” त्याने जवळच्या कामगाराच्या पाठीवर अशी थाप मारली की तो बिचारा भट्टीपासून चार पावलं लांब गेला. वहिनी हसायला लागली.

“चोर नव्हता,” बाई म्हणाली. “पण साहेब, पुढच्या पस्तीस महिन्यांचं काय? धूर तर रोज निघत होता. तुमचं वजन जुळायलाच नको होतं.”

थोरल्याचा हात हवेतच राहिला.

“म्हणजे?”

“म्हणजे कुणीतरी दर महिन्याला पंधरा किलो पितळ बाजारातून विकत आणतंय आणि गुपचूप तुमच्या ढिगात टाकतंय.”

“असा कोण वेडा असेल?” थोरल्याने चौघांकडे पाहिलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नकारार्थी माना हलवल्या.

धाकटा मुशीवर वाकला होता. त्याने पळी बाजूला ठेवली, बाहीने कपाळ पुसलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

“दादा, धुराचं मी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, या चौघांना घरी पाठवलं असतंस. या बाईंना आजच ठेव. त्यांची सगळी फी माझ्या पगारातून कापलीस, तरी मला पितळेपेक्षा स्वस्तच पडेल.”