टर्कीचा अठरावा नमुना

"काहीतरी राहिलंय," काका म्हणाले आणि काटा बशीत ठेवला.

सतराव्यांदा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "काय राहिलंय ते तरी सांगा. मीठ? तिखट? आंबट?"

"ते तू शोध," असं म्हणून काकांनी कागदावर नेहमीची फुली मारली.

तयार जेवणाचे डबे भरणाऱ्या त्या कारखान्यात ती नवे पदार्थ बसवायची आणि काका ते चाखायचे. सव्वीस वर्षं त्यांच्या जिभेला विचारल्याशिवाय तिथून एकही डबा बाहेर पडला नव्हता. मालकसुद्धा पाठीमागे त्यांना जीभसाहेब म्हणायचे. या खेपेला पदार्थ होता टर्कीचा. दिसायला कोंबडीची थोरली बहीण, पण वागायला खडूस सासू. त्या पक्ष्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. मालकांनी आज दुपारी तीनपर्यंतची मुदत दिली होती. तोवर काकांची सही मिळाली नाही तर टर्की बंद, तिचं प्रयोगाचं स्वयंपाकघर बंद, आणि ती पुन्हा पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापुढे. तिथून वर यायला तिला दहा वर्षं लागली होती.

त्या टर्कीसाठी तिने काय केलं नव्हतं? छातीचं मांस जरा जास्त शिजलं की त्याचा भुसा होतो, म्हणून ते आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. तंगडीत काड्यांसारखे टणक दोर असतात. ते पकडीने एकेक ओढून काढताना तळहाताला फोड आले. दह्यात मुरवलं, लोणी चोळलं, उभं कापलं, आडवं कापलं, शेवटी छाती आणि तंगडी एकत्र करून खिमासुद्धा केला. अकराव्या नमुन्याचं पातेलं तर पॅकिंगच्या बायकांनी बोटांनी पुसून खाल्लं होतं. चाखण्याच्या खोलीत मात्र वेगळंच व्हायचं. करणाऱ्याने आधी खायचं, हा तिथला नियम. त्या दिवशीही तिने पहिला घास घेतला, आणि तो तोंडात असतानाच तिला वाटून गेलं, भट्टीतून दोन मिनिटं आधी काढायला हवं होतं. तिने बशी पुढे सरकवली. काकांनी शांतपणे चावून गिळलं आणि म्हणाले, "काहीतरी राहिलंय."

आता तर पॅकिंगच्या बायका टर्कीला सोडून तिलाच नमुना म्हणू लागल्या होत्या.

दीड वाजला होता. शीतपेटीत छातीचा शेवटचा तुकडा उरला होता. तिने तो तव्यावर टाकला, उलटला, मसाल्याचा डबा उघडला आणि तिचं डोकं फिरलं. हा माणूस चाखतो तरी का? की नव्या पदार्थाला नाहीच म्हणायचं असं ठरवून बसलाय? तिने मूठभर मीठ घेतलं आणि सगळं त्या तुकड्यावर थापलं. आता सांगा म्हणावं काय राहिलंय ते! बशी घेऊन ती तरातरा निघाली.

चाखण्याची खोली म्हणजे पांढऱ्या फरशांची एक पेटीच. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग. तिने बशी काकांपुढे सरकवली.

"आधी तू खा," काका म्हणाले.

"मी आत खाल्लंय."

"माझ्यासमोर खा. नियम आहे."

"खाल्लंय म्हटलं ना, काका. घड्याळ बघा."

काका काटा हातात धरून तसेच बसले. तिच्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. तिचे ओठ आवळलेले होते, कपाळावर आठ्या होत्या. मग त्यांनी एक बऱ्यापैकी मोठा घास घेतला. ती पाण्याच्या जगाकडे बघत राहिली. आता पाण्याकडे धावतील, मग धावतील. काका सावकाश चावत होते. त्यांनी गिळलं, रुमालाने तोंड पुसलं.

"काहीतरी राहिलंय," ते म्हणाले.

"मूठभर मीठ आहे त्यात!" ती ओरडलीच. "कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही त्याला!"

काकांनी बशीकडे पाहिलं. मग ते उठले, दार लावलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले.

"तापातून उठलो तेव्हापासून जिभेला काही कळत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आठ महिने झाले. गोड नाही, खारट नाही, कागद चावल्यासारखं लागतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

तिला त्यांची दया आली असती, पण आधी संताप आला. आठ महिने! ती फुली, तो काटा बशीत ठेवणं, ते ऐटीत "तू शोध" म्हणणं! हाताचे फोड अजून पुरते बुजले नव्हते. उद्या पट्ट्यावर डबे भरायचे तेही याच हातांनी.

"कळतच नव्हतं, तर मला सतरा वेळा नापास कशाच्या जोरावर केलंत?" तिचा आवाज फाटला.

"मी कुठे केलं?" काका म्हणाले. "तू पहिला घास घ्यायचीस, मी तुझं तोंड बघायचो. सतरातल्या एका जरी घासाला तुझा चेहरा खुलला असता ना, तर त्याच दिवशी सही ठोकली असती."