बोटीवरच्या डॉक्टरचा कोट

“याला म्हणतात कोट! तुमच्या त्या जुन्या सिनेमातला कोट म्हणजे निव्वळ गोणपाट,” बाई म्हणाल्या आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

टीव्हीवर नव्या सिनेमातला नायक चकचकीत कोट घालून धक्क्यावर उभा होता. एरवी तो दिसताच मास्तर उसळले असते. “याला खांदे आहेत, की आत हँगर राहिलाय?” म्हणत त्यांनी रिमोट हिसकावून घेतला असता. आज त्यांनी डोळे मिटून घेतले.

कादंबरी एकच. बोटीवरचा डॉक्टर, दीपगृहावरची मुलगी आणि अकरा वर्षांची वाट. बाईंनी ती चौदा वेळा वाचली होती. मास्तरांनी एकदाही पुरी वाचली नव्हती, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. तिच्यावर दोन सिनेमे आणि एक मालिका निघाली होती, आणि तेवढ्या भांडवलावर दोघं नवरा-बायको अडतीस वर्षं भांडत आले होते. बाईंच्या मते मालिका सरस. तिच्यात निरोपाच्या वेळी मुलगी एक शब्द बोलत नाही, आणि खरं माणूस असंच गप्प होतं. मास्तर पडले जन्माचे शिंपी. त्यांना मुलीचं गप्प राहणं वगैरे दिसतच नसे. “जुना सिनेमा तो जुना सिनेमा,” ते म्हणायचे. “तो डॉक्टर अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकतो ना, तो बघ. चार बटणं, चारही हाडाची. काजं हाताने केलेली. माणूस खोटा असेल, कोट खरा आहे!” नवा सिनेमा टाकाऊ, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. जन्मभर शाळेत शिकवलं बाईंनी, आणि सारी गल्ली मास्तर म्हणायची ती यांना. भांडायला दुसरं काही नसलं की बाईंना तेही पुरायचं.

तीन महिन्यांपूर्वी दुकानात कापड बेतता बेतता मास्तरांचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. पुढे जीभ जरा सुटली. पहिल्या महिन्यात ते ‘पाणी’ म्हणाले, लेकीला नावाने हाक मारली. मग एके दिवशी त्यांनी आपली कात्री मागितली, ती डाव्या हातात धरून पाहिली आणि खाली ठेवली. त्यानंतर ते बोलले नाहीत. दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

काल स्पीच थेरपिस्टने बाईंना बाजूला घेतलं. “काकू, आजाराने त्यांची अर्धीच वाचा नेली. उरलेली अर्धी त्यांनी स्वतः टाकून दिलीय. उद्याही ते असेच राहिले तर मी येऊन काय करू? इच्छा माझ्या हातात नाही. आणि हे फक्त बोलण्याचं नाही, तुम्हाला कळतंय ना?”

बाईंना कळत होतं.

म्हणून आज सकाळपासून त्या एकामागून एक निरोपाचे प्रसंग लावत होत्या आणि धडधडीत खोटं बोलत होत्या. जुना नायक म्हणजे लाकडाचा ओंडका. नव्या सिनेमातलं गाणं काय गोड. कोट काय, कुठलाही शिंपी शिवेल. मास्तर ढिम्म. अडतीस वर्षांत बाईंचं खोटं त्यांनी पाच मिनिटंसुद्धा टिकू दिलं नव्हतं. आजचं खोटंही मास्तरांना कळत असणारच.

शेवटी बाईंनी मालिका लावली. धक्क्यावर मुलगी न बोलता उभी राहिली. मास्तरांचे ओठ हलले. बाईंनी झटकन आवाज बंद केला.

“तुझी...” मास्तर म्हणाले. बराच वेळ गेला. “तुझीच... चांगली.”

लेक ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. “आई, बाबा बोलले!” ती हसत होती, रडत होती, थेरपिस्टला सांगायला फोन शोधत होती.

बाई हसल्या नाहीत. या वाक्याची त्यांनी अडतीस वर्षं वाट पाहिली होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं: उशिरा का होईना, अक्कल आली. आता ते आलं आणि बाईंना थेरपिस्टचं कालचं बोलणं आठवलं. हा माणूस जन्मात कधी हरला नव्हता. दुकान कायमचं बंद करताना शिंप्याने गिऱ्हाइकांची कापडं ज्याची त्याला परत करावीत, तसं त्यांनी बाईंचं बाईंना देऊन टाकलं होतं.

“नाही!” बाई त्यांच्या पायाशी बसल्या. मास्तरांचा लुळा हात त्यांनी घट्ट धरला. “नको मला ते. मला नाही जिंकायचं. मालिका टुकार आहे, ऐकलंत? तुमचाच सिनेमा चांगला. भांडा ना हो माझ्याशी!” रडू आवरेना, तशाच त्या बोलत सुटल्या. “तो डॉक्टर जातो, आणि ती पोर त्याचा कोट अकरा वर्षं जपते. रोज उन्हाला घालते. रोज ती तीन बटणं पुसते हो, तिन्ही हाडाची...”

मास्तरांनी डोळे उघडले. कपाळावर आठी पडली. ओठ थरथरले, जीभ अडली, पुन्हा अडली. चेहरा लालबुंद झाला.

“राहू द्या बाबा, दमाल,” लेक म्हणाली.

त्यांनी तिला नजरेनेच गप्प केलं. मग डावा हात कसाबसा उचलून बोटं बाईंच्या नाकासमोर धरली.

“चार,” मास्तर म्हणाले. “चार!”