मोरपंखी रेघ

काच धुवायच्या पाण्याची टाकी भरायला तिने व्हॅनचं बॉनेट उघडलं आणि तिला ती रेघ दिसली.

मोरपंखी रंगाची, जेमतेम नखाएवढी. टाइमिंग बेल्टच्या झाकणावरच्या बोल्टवरून निघून झाकणावर उतरलेली, शेपटाशी किंचित वाकडी. बोल्ट आवळला की त्यावरून अशी रेघ ओढायची, ही बाबांची पद्धत. पुढे कुणी बोल्ट फिरवला की रेघ मोडते आणि लगेच कळतं. पाच वर्षांपूर्वी हा बोल्ट बाबांनी आवळला होता, आणि घराच्या दाराला लावून उरलेल्या रंगाने रेघ तिनेच ओढली होती. ती जशीच्या तशी होती.

मागच्या सोमवारी व्हॅन परत देताना दादा म्हणाला होता, "बेल्ट नवाकोरा टाकलाय. आता डोळे झाकून चालव." आणि ही बाई आठवडाभर खरोखरच डोळे झाकून शाळेची पोरं घेऊन हिंडली! त्यातल्या त्यात कलकलाट कमी होता. तिच्या शेजारी बसून अखंड बडबडणारी चिमी, दादाची मुलगी, सध्या बापाच्या स्कूटरवरून शाळेला जात होती. दादाला म्हणे त्या बाजूला काम निघालं होतं.

"दादा, जरा इकडे ये."

बाबांच्या मागे गॅरेज दादाच चालवायचा. तो हात पुसत आला. त्याने रेघ पाहिली आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागला.

लहानपणी जेवताना बाबा दोघांना गाडीचे पार्ट विचारायचे. नाव ते सांगणार. काम काय आणि जातो कसा, हे पोरांनी सांगायचं. शॉकअब्सॉर्बर म्हणजे खड्डा स्वतः खाऊन माणसाला कळू न देणारा. सायलेन्सर म्हणजे सगळ्यांचा आरडाओरडा पोटात घालणारा. दादाचं घोडं हमखास अडायचं, मग ती ताटावर वाकून नुसते ओठ हलवायची आणि त्याला उत्तर पुरवायची.

"टाइमिंग बेल्ट," ती म्हणाली. "काम?"

"अगं, हे काय आता लहान मुलांसारखं..."

"सांग."

"पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्ह बाजूला सरकवायचे. दोघांची टक्कर होऊ द्यायची नाही."

"आणि जातो कसा?"

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"न सांगता," तो शेवटी म्हणाला. "पळत्या गाडीत तुटतो. इंजिन जागच्या जागी बंद."

"माझ्यासाठी आणलेला कुठे गेला?"

"एक गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं होतं गं. त्याच्या गाडीत घातला. म्हटलं, तू काय, घरचीच. पुढचा आला की गुपचूप बदलणारच होतो. आणि हा अजून वर्षभर हलत नाही, माझ्याकडून लिहून घे."

तिला संताप आला, पण त्याहून जास्त रडू आलं. परकी असती, चार शब्द सुनावून गेली असती, तर नवा बेल्ट तिला मिळाला असता. तिने रडू गिळलं आणि व्हॅनची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"वर्षभर हलत नाही ना? मग आज शाळा सुटली की पोरांना तूच घरी सोड. चौदा आहेत, तुझी चिमी धरून..."

ती बोलता बोलता थांबली. तिने व्हॅनच्या आत, आपल्या शेजारच्या सीटकडे पाहिलं.

"चौदा नाहीत," ती म्हणाली. "मागच्या सोमवारपासून तेराच आहेत."

दादाने किल्ली घ्यायला हात पुढे केला नाही.